दार उघडे असूनही रुग्ण वॉर्डात का राहतात? केन केसी यांच्या कादंबरीतील बंडाविषयी

शुभदा_क (प्रश्न)

केन केसी यांची ‘वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट’ (१९६२) ही कादंबरी वाचून झाल्यापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. ओरेगॉनमधल्या एका मनोरुग्णालयात मॅकमर्फी हा जुगारी, भांडखोर कैदी दाखल होतो, नर्स रॅचेडच्या शिस्तीला आव्हान देतो आणि अखेरीस लोबोटमीची, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाचे जोड तोडण्याची, शस्त्रक्रिया करून त्याला कायमचे थंड केले जाते, हे कथानक मिलोश फॉर्मन यांच्या १९७५ च्या चित्रपटामुळे पुष्कळांना ठाऊक असेल. माझी अडचण मधल्या एका प्रसंगापाशी आहे. आपली सुटका सर्वस्वी नर्सच्या मर्जीवर आहे हे उमगल्यावर मॅकमर्फी सोबत्यांना जाब विचारतो, आणि तेव्हा त्याला कळते की त्यांच्यातले बहुतेक जण स्वेच्छेने दाखल झालेले आहेत आणि मनात आणले तर घरी जाऊ शकतात. अंगात धमक असती तर आम्ही इथे राहिलो असतो का, असे बिली बिबिट रडत, अडखळत त्यालाच विचारतो.

मग हे बंड नेमके कोणाविरुद्ध आहे? यांना कुलपाने अडवलेलेच नसेल, तर नर्सची सत्ता कशाच्या जोरावर चालते? आणि ज्यांना जाण्याची मुभा आहे त्यांच्यापायी ती नसलेल्या माणसाने जीव गमवावा, याला विजय म्हणावे की पराभव?

रानवाट

सत्ता कशाच्या जोरावर चालते याचे उत्तर कादंबरीत वॉर्डाच्या रोजच्या सभेत सापडते. विजेचे झटके आणि लोबोटमी ही शेवटची हत्यारे आहेत. दररोजचे काम सभा आणि नोंदवही करतात. रुग्णांनी एकमेकांचे बोलणे ऐकावे आणि परिचारिकांच्या काचेच्या कक्षाजवळ ठेवलेल्या वहीत लिहून ठेवावे, अशी तिथली पद्धत आहे, आणि जो चांगली माहिती पुरवतो त्याला दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत झोपण्याची सवलत मिळते. पुढे हीच माहिती सभेत ‘उपचार’ म्हणून चघळली जाते. ज्याची लाज चारचौघांत काढली गेली आहे आणि ज्याने स्वतःही दुसऱ्याची चुगली केलेली आहे, तो मान वर करून बाहेर कसा पडेल?

वर्ल्ड सीरिज या बेसबॉल स्पर्धेचे सामने टीव्हीवर पाहण्यासाठी झालेले मतदान या दृष्टीने पुन्हा वाचावे. बरे होण्याची आशा असलेल्या सगळ्या वीस जणांचे हात वर होतात. त्यावर नर्स शांतपणे सांगते की वॉर्डात चाळीस रुग्ण आहेत आणि बहुमत झालेले नाही. उरलेल्या वीस जणांना तर प्रश्नही समजत नाही. अखेर बहिरा-मुका समजला जाणारा रुग्ण चीफ ब्रॉमडेन याचा एकविसावा हात वर येतो, तेव्हा सभा आधीच संपल्याचे ती जाहीर करते. नियम तिचे, मोजणी तिची आणि घड्याळही तिचेच. तरीही बाहेरून पाहणाऱ्याला ही लोकशाहीच वाटावी.

केसी यांनी मेन्लो पार्क येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात रात्रपाळीला काम केले होते, त्यामुळे हा तपशील केवळ कल्पनेतून आलेला नाही. वॉशिंग्टनमधील एका मोठ्या मनोरुग्णालयात राहून केलेल्या निरीक्षणांवर आधारलेले समाजशास्त्रज्ञ आर्विंग गॉफमन यांचे ‘असायलम्स’ हे पुस्तकही याच सुमारास, १९६१ साली आले. माणसाचे खाणे, झोपणे, बोलणे, काम हे सारे एकाच छताखाली आणि एकाच अधिकाराखाली आले की त्याचे स्वत्व कसे झिजत जाते, हे गॉफमन विश्लेषणातून सांगतात आणि केसी प्रसंगांतून दाखवतात.

मनोवैद्य

मी मनोविकार विभागात काम करतो, म्हणून एक खबरदारीची गोष्ट मांडतो. कादंबरीत स्नानगृहातल्या मारामारीनंतर मॅकमर्फीने चूक कबूल केली तर झटके टळतील, असे नर्स सुचवते. म्हणजे उपचाराची सरळसरळ शिक्षा झालेली आहे, आणि ती चीड आणणारीच गोष्ट आहे. परंतु हे वाचून किंवा पाहून आजही अनेक नातेवाईक विद्युत उपचाराचे, म्हणजे याच झटक्यांचे, नाव काढताच रुग्णाला घेऊन निघून जातात आणि तीव्र नैराश्यातला माणूस उपयोगी उपचाराला मुकतो, हेही मी पाहिलेले आहे. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय हा उपचार करण्यास मनाई केली आहे. लोबोटमीचे म्हणाल तर तिच्या जनकाला, एगास मोनिझ यांना, १९४९ मध्ये नोबेल मिळाले होते, परंतु १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिनसारखी मनोविकारांवरची औषधे आल्यावर ती झपाट्याने मागे पडली.

तुमच्या मूळ प्रश्नाविषयी बोलायचे तर, स्वतःहून दाखल झालेल्या रुग्णाने मागितल्यास त्याला सोडलेच पाहिजे, असे हा कायदा सांगतो; ठरावीक परिस्थितीत त्याला अडवता येते, पण तेही चोवीस तासांपुरतेच. हा हक्क कागदावर असणे फार महत्त्वाचे आहे. मात्र बाहेर घर, काम आणि आपुलकीने वागवणारे माणूस नसेल, तर रुग्ण तो मागतच नाही. बिलीची आई त्याच रुग्णालयात नोकरीला आहे आणि नर्सची मैत्रीण आहे. त्याने सही करून जायचे कोणाकडे?

अरुंधती

चित्रपटात मॅकमर्फी नायक आहे, पण कादंबरी चीफ ब्रॉमडेन सांगतो, आणि बंडाचा हिशेब त्याच्यापासूनच मांडायला हवा. वर्षानुवर्षे बहिरा-मुका असल्याचे भासवून तो झाडू मारत राहिला आहे. त्याच्या आदिवासी जमातीचे मासेमारीचे धबधबे सरकारने कोलंबिया नदीवर बांधलेल्या धरणाखाली गेले, गाव गेले, आणि त्याचे धिप्पाड वडील दारूत संपले. १९५७ मध्ये द डॅलेस धरणामुळे सेलिलो धबधबा खरोखरच पाण्याखाली गेला होता. म्हणूनच माणसांना एका मापात कापणारे जे यंत्र चीफला दिसते, ते रुग्णालयापुरते नाही. वॉर्ड हा त्या यंत्राचा दुरुस्ती विभाग आहे, असे तो मानतो.

आता त्याचे बंड कसे सुरू होते ते पाहा. चघळून झालेले च्युइंगगम तो पलंगाच्या खाली चिकटवून ठेवतो, कारण नवे घ्यायला त्याच्याजवळ पैसे नाहीत. एका रात्री वॉर्डाचा कर्मचारी ते खरवडून काढतो. ते पाहून मॅकमर्फीला हसू येते, आणि मग तो जूसी फ्रूटचे एक पाकीट चीफच्या पांघरुणावर टाकतो. त्यावर चीफच्या तोंडून आभाराचा शब्द निघून जातो. इतक्या वर्षांचे मौन एवढ्याशा गोष्टीने सुटते, आणि मला तरी हा प्रसंग सगळ्या आरडाओरड्यापेक्षा मोठा वाटतो.

विजय की पराभव, याचे उत्तर शेवटच्या पानांत आहे. बिलीच्या मृत्यूनंतर मॅकमर्फी नर्सवर हल्ला करतो, आणि ती परतते तेव्हा तिचा आवाज गेलेला असतो, वहीवर लिहून ती हुकूम देते. त्या काळात एकेक करून रुग्ण सही करून निघून जातात; सेफेल्ट आणि फ्रेडरिक्सन डॉक्टरांचा सल्ला डावलून जातात, हार्डिंगला न्यायला त्याची बायको येते. कुलूप तेव्हाही बदललेले नव्हते. चित्रपटाने नेमके हेच गाळले. तिथे हार्डिंग वगैरे मंडळी वॉर्डातच पत्ते खेळत राहतात आणि बाहेर पडतो तो एकटा चीफ. त्यामुळे चित्रपट पाहणाऱ्याच्या लक्षात बलिदान राहते, आणि कादंबरीत त्या बलिदानाने कोण कोण घरी गेले ते राहून जाते.

रानवाट

अरुंधती यांचा मुद्दा पटला. त्याला जोडून रशियन लेखक चेखव यांची ‘वॉर्ड क्रमांक सहा’ (१८९२) ही दीर्घकथा वाचावी. तिथे डॉक्टर रागिन वर्षानुवर्षे स्वतःची समजूत घालत राहतो की दुःख हे मनाचे खेळ आहेत. मग त्यालाच त्या वॉर्डात कोंडले जाते आणि एकाच रात्री पहारेकरी निकिताच्या बुक्क्यांनी त्याला कळते की इथली माणसे इतकी वर्षे काय सोसत होती. तो दार ठोठावतो, पण त्याच्या बंडाला दुसरा दिवसही धड मिळत नाही. संस्था चालवणाऱ्याचे डोळे ती भोगल्यावरच उघडतात, ही बाजू केसी यांच्याकडे नाही. नर्सच्या मनात ते आपल्याला कधी शिरूच देत नाहीत.

शुभदा_क

सर्वांचे आभार. वॉर्ड रिकामा होत गेला हेच बंडाचे फळ, हे मी मान्य करते, आणि शेवटची प्रकरणे त्या दृष्टीने पुन्हा वाचली. पण रानवाट यांच्या शेवटच्या वाक्यावर मी अडले आहे. नर्सच्या मनात शिरू न देणे ही साधी उणीव नाही. या कादंबरीत पुरुषांना दबवणारी जवळजवळ प्रत्येक सत्ता बाईच्या रूपात येते: नर्स, बिलीची आई, चीफचीही आई. आणि तिला हरवताना मॅकमर्फी तिचा गणवेश फाडून तिला सर्वांसमोर उघडे पाडतो, आणि लेखक ते मुक्तीच्या सुरात सांगतो. संस्थेविरुद्धचा राग रास्त असूनही तो एका बाईच्या अंगावर काढला गेला आहे, हा आक्षेप मला मागे घेता येत नाही. अरुंधती, यावर तुमचे मत वाचायला आवडेल.