पबमध्ये कुणी एकटं गात असेल तर ऐकणाऱ्यांनी गप्प बसावं की नाही?

ऑस्टिनकर

गेल्या शुक्रवारी इथे टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या एका पबात अमेरिकाना आणि ऑल्ट-कंट्रीची रात्र होती. पबाचं नाव देत नाही, कारण हे सगळीकडेच होतं. तीन सेट होते. नंतरचे दोन बँडचे, ते झकास झाले. मला बोलायचंय ते पहिल्याबद्दल.

एक बाई, एक गिटार, गळ्यात अडकवलेली हार्मोनिका. गाणी सगळी तिची स्वतःची. वडिलांनी गुरं विकली त्या दिवसाचं एक गाणं आहे तिचं. तिसऱ्या कडव्याआधी तिने तारांवर पंजा ठेवला, गिटार गप्प केली आणि थांबली. नेमक्या त्या क्षणी शेजारच्या टेबलावरची गृहकर्जाच्या व्याजाची चर्चा अख्ख्या पबाने ऐकली. तिने ते कडवं गाळलं. गाणं मी आधी ऐकलेलं होतं म्हणून कळलं, बाकी कुणाच्या लक्षातही आलं नसेल. मग तिने पुढची सगळी गाणी जोरात वाजवता येतील अशीच निवडली. स्टेजपुढच्या बादलीत एकेक डॉलरच्या नोटा. दाराशी तिकीट नव्हतं.

या संगीताशी ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात: कंट्री, फोक, ब्लूज, गॉस्पेल आणि रॉक यांच्या मिश्रणाला अमेरिकाना म्हणतात; २०१० पासून ग्रॅमीत त्याच्या अल्बमसाठी वेगळा पुरस्कार आहे. ऑल्ट-कंट्री ही त्याचीच जरा खरबरीत शाखा. इलिनॉयमधल्या बेलव्हिलच्या 'अंकल टुपेलो' या बँडने पंक ऐकत वाढलेल्या पोरांच्या आवेशात कार्टर फॅमिली या जुन्या कंट्री गायक कुटुंबाचं 'नो डिप्रेशन' गायलं आणि १९९० मध्ये त्याच नावाचा अल्बम काढला. १९९५ मध्ये त्याच नावाचं मासिक निघालं. तोवर बँड फुटून 'विल्को' आणि 'सन व्होल्ट' झाले होते.

या गाण्यात सगळा भार शब्दांवर असतो. तीन-चार कॉर्ड, साधी चाल. शब्द ऐकू आले नाहीत तर हातात काहीच उरत नाही. नॅशव्हिलचा ब्लूबर्ड कॅफे १९८२ पासून चालू आहे. दुकानांच्या साध्या रांगेतली जागा, शंभराच्या आत खुर्च्या. तिथे गाणं चालू असताना बोललात तर 'शूऽऽ' करून गप्प बसवतात. तरी जागा मिळवायला लोक धडपडतात.

माझं म्हणणं सरळ आहे. एकट्याचा सेट असेल तेव्हा पबाने शांततेचा नियम करावा, दाराशी पंधरा डॉलर घ्यावेत आणि ते गाणाऱ्याला द्यावेत.

टूस्टेप

ठाम असहमत.

तुम्ही ज्या संगीताची बाजू घेताय ते गोंगाटातच वाढलंय. १९४१ मध्ये कंट्री गायक अर्नेस्ट टबने रेकॉर्डवर इलेक्ट्रिक गिटार का आणली? बारमध्ये नाणं टाकून रेकॉर्ड वाजवायची यंत्रं, म्हणजे ज्यूकबॉक्स, ठेवणाऱ्यांची तक्रार होती की बारमध्ये गर्दी झाली की त्याची गाणी ऐकूच येत नाहीत. त्याने लोकांना गप्प बसा म्हटलं नाही, आवाज बदलला. होंकीटोंक म्हणून बारमधल्या कंट्रीचा जो बाज आपण ओळखतो तो अशा गर्दीच्या रेट्यातून घडला.

तुमच्याच गावात साउथ लमार रस्त्यावर ब्रोकन स्पोक हा नाचाचा बार आहे. जेम्स व्हाइटने १९६४ मध्ये उघडला आणि २०२१ मध्ये जाईपर्यंत त्यानेच सांभाळला. ठेंगणं छत, लांबट डान्स फ्लोअर, फिडल सुरू झालं की सत्तरीची जोडपी उठून टू-स्टेप करतात. तिथली निम्मी गाणी घटस्फोटाची नि दारूची. लोक त्या दुःखावर नाचतात, मधेच कठड्याला टेकून शेजाऱ्याशी बोलतात. ते ऐकत नसतात असं तुम्ही म्हणणार का?

शुक्रवारी संध्याकाळी दमलेला माणूस पबात मित्राला भेटायला येतो. गाणं त्याच्यासाठी आहे, तो गाण्यासाठी नाही. शांतता हवी असेल तर सभागृहं आहेत.

मॉनिटरमागे

ऑस्टिनकरांशी सहमत. मी छोट्या जागांमध्ये साउंड करतो, म्हणून एक गोष्ट सांगतो जी टेबलावरून दिसत नाही.

अर्नेस्ट टबकडे इलेक्ट्रिक गिटार होती. अकूस्टिक गिटारवाल्या एकट्या माणसाला मी किती वर नेऊ? गर्दीचा आवाज वाढला की मी गाण्याचा माइक वाढवतो. तो वाढला की मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, शिट्टी मारायला लागतो. गिटारचा आवाज तिच्यात बसवलेल्या पिकअपमधून येत असतो, ती वाढवली की पोटात घुमते, म्हणून खालचे सूर कापावे लागतात. मग ती पत्र्यासारखी वाजते. आणि मी आवाज वाढवला म्हणून टेबलावरचे लोक आणखी मोठ्याने बोलतात. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, त्याला लोंबार्ड परिणाम म्हणतात. या शर्यतीत गाणारा दर वेळी हरतो. तिसऱ्या गाण्यापर्यंत त्याचा घसा ताणलेला असतो आणि ऐकणाऱ्यांना वाटतं की याचा आवाजच असा.

'ज्याच्यात दम आहे तो गर्दीला गप्प करतो' असं कुणी म्हणणार असेल तर आधी माझ्या साउंडच्या टेबलामागे उभं राहून ऐका.

मांडवीकाठ

मी पणजीहून लिहितेय. अमेरिकेत शिकत असताना दोन वर्षं ऑस्टिनला होते. ही गाणी मी ऐकली ती संध्याकाळी सहाच्या फुकट सेटमध्ये, एका बिअरच्या भांडवलावर. दाराशी पंधरा डॉलर असते तर आतच गेले नसते. तिकिटाने शांतता येईल, पण ज्याने अजून काही ऐकलंच नाही तो बाहेर राहील. शुक्रवारी त्या बाईला जे नवे कान मिळाले ते नियमाच्या पबात मिळाले नसते.

शिवाय ऐकणं म्हणजे गप्प बसणं, हे कुणी ठरवलं? आपल्या बैठकीत समेवर 'वा' येते, ती आली नाही तर गवई अस्वस्थ होतो. तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गाणाऱ्याला लोक ओळीओळीला साद देतात, आणि गॉस्पेल तर तुमच्याच व्याख्येत आहे. बॅंजोचं मूळ पश्चिम आफ्रिकेतलं, गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर आलेलं. 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' या बँडची मंडळी ज्या जो थॉम्पसन यांच्याकडे बसून शिकली, ते नॉर्थ कॅरोलायनाचे फिडलवादक होते आणि त्यांच्या घरातली वादनाची परंपरा गावच्या नाचांतली. ब्लूबर्डची शांतता ही या संगीताची एक रीत झाली. तीच एकमेव मानू नका.

ऑस्टिनकर

मांडवीकाठ, तिकिटाबद्दलचा तुमचा मुद्दा वजनदार आहे. विद्यार्थ्यांना फुकट सोडा, माझी हरकत नाही. पण बैठकीचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. 'वा' गाण्याला दिलेली असते. व्याजदराची चर्चा गाण्याला दिलेली नव्हती. साद आणि बडबड यांना एकाच पारड्यात टाकू नका.

टूस्टेप, बँडच्या सेटला मी नियम मागतच नाहीये. नाचा, ओरडा, मीही नाचलो. पण 'शांतता हवी तर सभागृहात जा' हे पटत नाही. गीतकार-गायक टाउन्स व्हॅन झँटचा ओल्ड क्वार्टरमधला अल्बम १९७३ मध्ये ह्यूस्टनच्या एका बारमध्येच रेकॉर्ड झाला. एकटा माणूस, एक गिटार, दाटीवाटीने बसलेले पिणारे लोक. तो अल्बम आजही या संगीताचा मापदंड मानतात, कारण त्या लोकांनी ऐकलं. बारमध्ये हे होतं, झालेलं आहे.

आणि पैशांचं सांगतो. अमेरिकेत एफएम रेडिओवर गाणं वाजलं तर गीतकार-संगीतकाराला मोबदला मिळतो, ते गाणाऱ्याला नाही. पोट लाइव्ह रात्रींवर. इथल्या कलाकारांना परवडेल असा आरोग्यविमा मिळावा म्हणून २००५ मध्ये 'हेल्थ अलायन्स फॉर ऑस्टिन म्युझिशियन्स' ही संस्था काढावी लागली. स्वतःला 'जगाची लाइव्ह संगीताची राजधानी' म्हणवणाऱ्या शहराची ही अवस्था आहे. बादलीतल्या एकेका डॉलरवर हे चालणार नाही.

टूस्टेप

ओल्ड क्वार्टरला भिंतीवर पाटी लावून लोक गप्प बसले असतील असं मला वाटत नाही. ते टाउन्सला ऐकायला आले होते. तुमच्या पबातले लोक त्या बाईला ऐकायला आलेच नव्हते, तिला तिथे त्या वेळेला उभं करणाराने चूक केली.

पैशांवर मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूला. पबाची बिअर तिच्यामुळे खपते, तर पबाने तिला ठरलेली रक्कम द्यावी, बादलीत किती पडले ते न बघता.

मॉनिटरमागे

वेळ आणि जागा, दोन्ही. मी जिथे काम करतो तिथे एकट्याचा सेट सहाला घेतो, बारच्या विरुद्ध टोकाला. त्या तासात टीव्ही बंद, शेक करायची पेयं बंद, पुढच्या चार टेबलांवर फक्त ऐकणारे. पाटी नाही. मागे बोलायचं त्याने बोलावं, त्याचा आवाज पुढे पोचत नाही. नऊनंतर टेबलं सरकवून बँड. मालकाने सुरुवातीला कुरकुर केली, त्या तासाला खप कमी होईल म्हणून. गाणाऱ्याची रक्कम आधी ठरवायला तो अजूनही तयार नाही.

टूस्टेप

चालेल. पण पाटी लावली तर मी येणार नाही, हे लिहून ठेवा. आणि मालकाचं मन वळवायला ऑस्टिनकर जाणार असतील तर मी बरोबर येतो.