निसर्गवाटेवरील लाकडी शिल्पे कोल्हापूरच्या पावसात कशी टिकवावीत?

नमस्कार. पन्हाळ्याजवळच्या आमच्या सामाईक रानात मुलांसाठी निसर्गवाट आखत असून, तिच्या कडेला गवा, शेकरू आणि धनेश यांची लाकडी शिल्पे उभी करायची आहेत. वादळात उन्मळून पडलेले फणस आणि जांभळाचे ओंडके हाताशी आहेत. शिल्पांसाठी एकही उभे झाड तोडायचे नाही, हे पक्के आहे.

मुख्य अडचण तड्यांची आहे. वाळताना लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जितके आकसते, ते गाभ्याकडून सालीकडे आकसण्याच्या साधारण दुप्पट असते. त्यामुळे अखंड ओंडका उभा तडकतो, आणि तो तडा शेकरूच्या चेहऱ्यावरून गेला तर सगळे कोरीवकाम वाया जाईल. एक इंच जाडीला एक वर्ष हा वाळवण्याचा ढोबळ हिशेब धरला, तर गव्याच्या ओंडक्यासाठी थांबणे शक्यच नाही. म्हणून ओले लाकूडच कोरावे आणि मागच्या बाजूने गाभ्यापर्यंत करवतीची उभी खाच देऊन तडा तिथेच उघडू द्यावा, असे मला वाटते. फणसावर हा उपाय कोणी केला आहे का?

वाळवीसाठी सालीलगतचे कच्चे लाकूड काढून शिल्पे काळ्या दगडाच्या जोत्यावर बसवणार आहोत. काजूच्या टरफलाचे तेल उत्तम टिकते, परंतु ते कातडी भाजते आणि मुले शिल्पांना हात लावणारच. त्याऐवजी जवसाचे तेल दिल्यास ते दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पुन्हा द्यावे लागेल का? अनुभवी सुतारांनी आणि शिल्पकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.