शुक्रवारची कमाई तुझी, शनिवारची माझी

गल्लीबोळ:
बाराव्या शतकातल्या इजिप्तमधली गोष्ट. काही ज्यू आणि मुसलमान कारागिरांची भागीदारी होती, सोनारकाम आणि काचकाम. मुसलमानांचा वार शुक्रवार, ज्यूंचा सुट्टीचा शनिवार. म्हणून शुक्रवारची कमाई ज्यूंनी घ्यायची, शनिवारची मुसलमानांनी, असं ठरलेलं. हे धर्माला चालतं का, हा प्रश्न फुस्तातला (जुन्या कैरोत) राहणाऱ्या मायमोनिडीज या ज्यू धर्मपंडिताकडे गेला. वाटणी आधीच ठरवली असेल तर चालतं, असा त्याचा निवाडा. त्याच फुस्तातमध्ये ज्यूंचा वेगळा वाडाबिडा नव्हता. एकेका इमारतीत तिन्ही धर्मांची बिऱ्हाडं. मध्ययुग म्हणजे नुसती धर्मयुद्धं, हे आता पुरे.

रोखठोक:
चित्र गोड आहे, पण अर्धंच. जिझियाचं (बिगरमुसलमानांवरच्या कराचं) काय? तिथल्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या गेनिझात (जुने कागद टाकायची खोली) लाखो चिटोरे सापडले. त्यात जिझिया भरता येत नाही म्हणून लपून बसलेल्या गरिबांची गाऱ्हाणी आहेत. इजिप्तचा खलिफा अल-हाकिम याने 1009 मध्ये जेरुसलेमचं पवित्र कबरीचं चर्च पाडलं. हमामात (सार्वजनिक न्हाणीघरात) ओळखू यावं म्हणून ख्रिश्चनांच्या गळ्यात क्रूस आणि ज्यूंच्या गळ्यात घंटा, असलेही त्याचे हुकूम इतिहासकारांनी नोंदवलेत. याला सलोखा म्हणायचं?

मोडीवाचक:
हाकिम अपवाद होता हो. त्याच्या बापाचा, अल-अझीझचा वजीर इसा इब्न नस्तूरुस हा ख्रिश्चनच. खुद्द हाकिमनेही शेवटी जबरदस्तीने बाटवलेल्यांना आपापल्या धर्मात परतू दिलं. आणि महसूल खात्यातले कारकून बरेचसे कॉप्ट, म्हणजे इजिप्तचेच ख्रिश्चन. म्हणजे कराचा बडगा मुसलमान राज्याचा, बोरू ख्रिश्चनाचा आणि रडगाणं ज्यूचं, तेही हिब्रू अक्षरांत लिहिलेल्या अरबी भाषेत! एका शब्दात बसवायचा हट्ट कशाला?

पागोळी:
थोडं अवांतर. आपल्या कोकणातले बेने इस्रायली (मराठी ज्यू) शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनवार तेली'. गावाने सुट्टीच्या वारावरून त्यांना नाव दिलं आणि विषय संपला. फुस्तातच्या भागीदारांना ती सुट्टी हिशेबात धरावी लागली. मला तर हे फुस्तातचं जास्त पुढारलेलं वाटतं. एकमेकांचा वार माहीत असल्याशिवाय असा करार होतच नाही.

रोखठोक:
पागोळी, मुद्दा छान, पण बाजारातली समजूत आणि कायद्यातली बरोबरी यांत गल्लत नको. मुळात मायमोनिडीज फुस्तातला आला कसा? जन्म स्पेनमधल्या कोर्दोबाचा. अल्मोहाद या कट्टर मुसलमान राजवटीने शहर घेतलं आणि ज्यू-ख्रिश्चनांपुढे धर्म बदला किंवा चालू लागा एवढंच उरलं. भटकत भटकत हे कुटुंब इजिप्तला पोचलं. तुमच्या गोष्टीतला न्यायाधीशच निर्वासित आहे!

गल्लीबोळ:
मान्य. पण निर्वासिताचं पुढे काय झालं तेही सांगा की. इजिप्तचा सुलतान सलाहुद्दीन याच्या दरबारी वैद्य झाला. 1199 च्या पत्रात तो लिहितो, की राजवाड्यातून भुकेला घरी यावं तर ओसरी माणसांनी भरलेली. ज्यू, परधर्मी, थोर, सामान्य, मित्र, शत्रू. हातपाय धुऊन, चार घास खाऊन रात्रीपर्यंत रोगी बघायचे. दमून आडवं पडून औषधं सांगायची. त्या ओसरीवर कुणी जिझियाची पावती विचारत नव्हतं.

रोखठोक:
ओसरीवर नसेल विचारत. पण परगावाहून आलेल्या ज्यू रोग्याला ती जवळ बाळगूनच निघावं लागायचं.