प्रतिसाद: भाऊबीज कुणाच्या घरी?

लग्नानंतर दिवाळी सासरी करायची की माहेरी, या इथल्या चर्चेत सुचवलेली वाटणी, लक्ष्मीपूजनापर्यंत सासरी आणि पाडव्यानंतर माहेरी, मलाही पटते. लग्नानंतर पहिली दोन वर्षं आम्ही तेच केलं. पण त्यात भाऊबीज अडते. मी नाशिकला भावाला ओवाळायला गेले की नवरा एकतर माझ्याबरोबर येतो आणि त्याची बहीण वाट बघत राहते, नाहीतर तो पुण्यात राहतो आणि सणाच्या दिवशी आमची दोन टोकांना दोन घरं.

इथे एक गोष्ट कुणी लिहिली नाही. यमद्वितीयेच्या, म्हणजे भाऊबीजेच्याच, कथेत यम आपल्या बहिणीच्या, यमुनेच्या घरी जेवायला जातो. म्हणजे बहिणीनं माहेरी धावायचं नसून भावानं तिच्याकडे यायचं असतं! २०२५ ला, २३ ऑक्टोबरला, आम्ही तसंच केलं. नवरा सकाळीच चिंचवडला त्याच्या ताईकडे जेवायला गेला, माझा भाऊ दुपारी आमच्या वन बीएचकेत आला. द्वितीयेची चंद्रकोर सूर्यास्तानंतर जेमतेम तासभर दिसते, म्हणून ताट घेऊन आम्ही गच्चीवर पळालो. समोरच्या इमारतीच्या टाकीमागे ती बारीकशी सापडली. आधी चंद्राला ओवाळलं, मग भावाला. निरांजन वाऱ्यानं दोनदा विझलं. तोवर नवराही परतला होता. रात्री तिघं आमच्याच ओट्याशी उभं राहून उरलेल्या चकल्या दह्याबरोबर खात होतो. तीन वर्षांत पहिल्यांदाच मला ते माझं घर वाटलं. आईला आधी वाईट वाटलं, हे खरं. तिच्याकडे आम्ही दोघंही शनिवारी जाऊन दोन दिवस राहिलो.