मदत हवी आहे: नारायण धारपांची निवडक पाच-सहा पुस्तके कोणती घ्यावीत?

आमच्या सोसायटीच्या छोट्या वाचनालयासाठी भयकथालेखक नारायण धारप (1925–2008) यांची पाच-सहा पुस्तके विकत घ्यायची आहेत, आणि त्यांची शंभराहून अधिक पुस्तके पाहता निवड करणे माझ्या एकट्याच्या आवाक्यातले नाही. वाचणारे बहुतेक पंचविशीतले असून ‘तुंबाड’ (2018) पाहिल्यावर त्यांच्यापैकी काहींना या लेखकाचे नाव कळले. त्यामुळे त्या चित्रपटाला प्रेरणा देणारी ‘आजी’ ही कथा ज्या संग्रहात आहे, तो संग्रह तर घ्यायलाच हवा. सध्या तो कोणत्या नावाने मिळतो?

खरा पेच कादंबऱ्यांबाबत आहे. ‘लुचाई’ आणि ‘शपथ’ यांवर अमेरिकन भयकथालेखक स्टीफन किंग यांच्या अनुक्रमे ‘सेलम्स लॉट’ (1975) आणि ‘इट’ (1986) या कादंबऱ्यांची छाया स्पष्ट आहे. तरीही ‘लुचाई’तील अरिष्ट ज्या संथपणे एकेका घरात शिरते, ते वाचताना अंगावर काटा येतो, म्हणून केवळ उसन्या कथानकापायी ती वगळणे मला तरी पटत नाही. किंग आधीच वाचलेल्या वाचकाला मात्र ती फिकी वाटेल का?

समर्थ आणि त्यांचे शिष्य आप्पा जोशी या धारपांच्या पात्रांच्या कथांची सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी, की क्रमाची बंधने तिथे नाहीतच? विज्ञानकथा तूर्तास बाजूला ठेवल्या आहेत. जाणकारांनी नाव सुचवताना ते का निवडले हेही लिहावे, आणि नवी आवृत्ती उपलब्ध आहे की जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोध घ्यावा लागेल, तेवढे कृपया कळवावे.