मदत हवी आहे : बांगसामोरोत कोंबडी उत्पादक गटासाठी हलाल प्रमाणपत्र, नेमकं कोणाच्या नावावर?

फिलिपिन्समधल्या बांगसामोरोत (२०१४ च्या शांतता करारानंतर २०१९ मध्ये झालेला स्वायत्त प्रदेश) ब्रॉयलर पाळणाऱ्या सहकारी गटाचा आराखडा करतोय. ४० कुटुंबं : निम्मी शस्त्रं खाली ठेवलेल्यांची, बाकी शेजारच्या ख्रिस्ती आणि लुमाड (तिथले मुस्लिम नसलेले आदिवासी) वस्त्यांतली. मुद्दाम मिश्र ठेवलंय. फक्त माजी लढवय्यांना पैसा दिला की शेजारी बिथरतात.

कापणारे मुस्लिमच, पालन, वाहतूक, हिशेब सगळ्यांकडे. कापल्यावर कोंबडी ३ मिनिटं टांगून ठेवतो, कारण जीव पूर्ण जाण्याआधी ती गरम पाण्याच्या टाकीत पडली तर सगळा घाणा बाद. खाद्यात डुकराचे घटक नाहीत, हे पुरवठादाराकडून लेखी घेतलंय.

घोडं अडलंय ते कागदावर. प्रत्येक कुटुंबाचं वेगळं प्रमाणपत्र परवडत नाही. फक्त कत्तलखान्याचं घेतलं तर खाद्य आणि वाहतुकीचा माग कोण ठेवणार? देशांतर्गत बाजार पहिलं वर्षभर. मलेशियाला विकायचं ते नंतर, म्हणून जाकिमची (मलेशियाचं हलाल प्रमाणपत्र देणारं सरकारी खातं) मान्यता असलेलीच प्रमाणपत्र संस्था हवी. वीज बेभरवशाची, त्यामुळे गोठवलेला माल सध्या नाही. 'आधी निर्यातदार गाठा' हा सल्ला नको, तो सगळी किंमत स्वतःकडे ठेवतो.

कत्तलखान्याच्या एकाच प्रमाणपत्राखाली सगळ्या पालकांना आणायचं, तर लेखापरीक्षक गटाकडून कुठल्या नोंदी मागतात, आणि एका कुटुंबाची चूक निघाली तर फक्त त्याची तुकडी बाद होते की सगळ्यांचं प्रमाणपत्र अडकतं?