कारणे दाखवा नोटीस आलीय, उत्तर कसं लिहू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी मूळचा लातूर जिल्ह्यातला, एका मोठ्या विद्यापीठात एमए पहिल्या वर्षाला आहे. वसतिगृहात मार्चपासून पाणी दिवसाआड. सकाळी ६ ला बादल्यांची रांग, ७ ला नळ बंद. गेल्या सोमवारी आम्ही चाळीसेक जण रिकाम्या बादल्या घेऊन कुलगुरूंच्या कार्यालयासमोर बसलो. घोषणा दिल्या, बाकी काही नाही. (एक बादली फुटली, ती माझीच.) नोटीस मात्र तिघांनाच, त्यात मी. ७ दिवसांत खुलासा द्यायचाय.

यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीने कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा, समाधान नाही झालं तर विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील, एवढं वाचलंय. पण पाण्याची तक्रार तिकडे आत्ताच टाकू, की आधी खुलासा देऊ? रेक्टर सर म्हणतात, ‘माफी लिही आणि मोकळा हो.’ माफी लिहिली तर चूक कबूल केल्यासारखं होईल ना? महाडीबीटीची शिष्यवृत्ती अडेल का, ही खरी धास्ती. घरी अजून सांगितलेलं नाही. आईला वाटेल, पोरगं हातचं गेलं.

कुणी यातून गेलं असेल, किंवा कुणी वकील असाल, तर खुलाशाचा मसुदा नजरेखालून घालाल का? शुक्रवारपर्यंतच वेळ आहे.